रंगूनला गेलेला भाकरीचा ढोल

माणूस रंगूनला निघाला तर सोबत काय घेतो? वळकटी, तांब्या, दोन धोतरं, फार तर छत्री. मी ढोल घेतला होता. वाजवायला नव्हे. मला ढोल वाजवता येत नाही हे शुक्रवार पेठेतलं शेंबडं पोर पण सांगेल. ढोलात भाकऱ्या होत्या. एकवीस कडक भाकऱ्या. त्यांच्यापायी माझी जी शोभा झाली ती मी पेठेत पंचवीस वर्षं सांगतोय, पण पेठेत माझ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याकडून जरा आशा आहे.

सन चौतीसची गोष्ट. सिद्धेश्वराची जत्रा, आमचा गड्डा, नुकताच उठला होता, होम मैदानावर पाळण्यांचे खड्डे अजून बुजले नव्हते. मी तेव्हा एका चादरीच्या पेढीवर होतो. मालकांच्या डोक्यात कुणीतरी भरवलं की ब्रह्मदेशात आपल्या चादरी खपतील. झालं, सहा नमुन्याच्या चादरी माझ्या हातात दिल्या आणि म्हणाले, "रामहरी, जाऊन बाजार बघून ये." रंगूनला बारा महिने उकडतं, हे मालकांना कुणी सांगितलं नव्हतं. मला माहीत होतं. पण मी कशाला सांगतो? फुकटातली आगबोट कोण सोडतं?

बातमी फुटायला आमच्या पेठेत वेळ लागत नसे. दारं समोरासमोर, आणि दारं लावायची पद्धत नाही. आता सगळ्यांनी दारं लावून घेतलीत, घंट्या बसवल्यात. तेव्हा एका घरात फोडणी बसली की चौघांच्या घरात शिंका यायच्या. तर त्याच संध्याकाळी समोरची बसव्वा आली. पेठेत सगळे तिला आव्वा म्हणत.

"रामहरी, रंगूनला जातूस म्हनं?"

"व्हय, आव्वा."

"खरंच का, का आपलं हे?"

"खरंच. तिकीट दाखवू?"

"तिकीट तू घरी बी छापशील."

हा माझा लौकिक. त्याला कारणं होती. पेठेतल्या येडूची शेळी बघायला कलेक्टरसाहेब येणार आहेत अशी आवई मी एकदा उठवली होती, तेव्हा येडूनं तीन दिवस शेळीला साबण लावून अंघोळ घातली होती. चौथ्या दिवशी शेळीला सर्दी झाली. येडूनं आजतागायत मला माफ केलेलं नाही. शेळीनं केलं.

आव्वा उंबऱ्यावर टेकली. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलता एक पोरगा पंचाक्षरी, आणि तो रंगूनला एका तांदळाच्या गिरणीत फिटर होता. जायच्या दिवशी मायलेकांचं जे झालं ते सगळ्या गल्लीनं ऐकलं होतं. पोराला परगावी जायचं होतं, आईला सून आणायची होती. जेवता जेवता तो म्हणाला, "तुझ्या हातची भाकरी परत खाणार न्हाय." ती म्हणाली, "मी बी परत तुझ्या ताटात वाढनार न्हाय." दोघं एकाच हाडाची. तो ताटावरनं उठला तो थेट रंगूनलाच जाऊन टेकला. पाच वर्षांत एक कार्ड आलं, ते पण आईच्या नावानं नाही, ज्ञानबा शिंप्याच्या नावानं. 'मी बरा आहे. कळवावे.' कुणाला कळवावे ते लिहिलं नव्हतं. खाली गिरणीचा पत्ता.

"मी त्याला कडक भाकरी धाडनार हाय," आव्वा म्हणाली.

मी थट्टा केली नाही. माझ्यासाठी हेच मोठं.

"त्याला काय सांगायचं न्हाय. आई रडती म्हनू नगं, आजारी हाय म्हनू नगं. भाकरी म्होरं ठेव आन् बस. खातुय का न्हाय, येवढंच बघ. खाल्ली तर येऊन सांग, खाल्ली. ढकलली तर सांग, ढकलली."

"आणि ढकलली तर, आव्वा?"

"मग मी बी तसंच समजीन. पोरगा नव्हताच मला." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. "पन खोटं सांगू नगंस. माज्या समाधानापायी बी नगंस. तुला सवय हाय म्हनून सांगती."

मी हसलो. पण लागलं मला.

कडक भाकरी काय चीज आहे ते सोलापूरबाहेरच्यांना सांगावं लागतं. ज्वारीची भाकरी पातळ थापायची, तव्यावर भाजायची, मग चुलीच्या कडेला उभी करून वाळवायची. पापडासारखी खडखडीत होते. महिनाभर टिकते. पण पापडासारखीच मोडते, आणि आव्वाची अट होती की मोडकी पोचायची नाही. "तुकडं बघितलं तर म्हनंल, आईनं उरलंसुरलं धाडलं."

भाकऱ्या तयार झाल्या आणि पेठेतली सगळी अक्कल माझ्या ओसरीवर गोळा झाली. ज्ञानबा म्हणाला, दोन पाटांमध्ये घालून सुतळीनं आवळा. आवळल्या. वरच्या तीन आतल्या आत मोडल्या. आव्वानं न बोलता नव्या तीन केल्या. शेजारची बजाबाई म्हणाली, ज्वारीच्या पोत्यात पुरा. म्हणजे मी रंगूनला ज्वारीचं पोतं घेऊन जाणार. आमच्या घरच्यांनी सुचवलं, "मांडीवर घेऊन बसा." आठ दिवस! शेवटी येडू आला, लांब उभा राहिला आणि म्हणाला, "ढोलात घाल."

येडू आमच्या लेझीम मंडळाचा म्होरक्या. ढोल त्याच्या ताब्यात. दोऱ्या सैल केल्या, एका बाजूचं कातडं काढलं, आत गिरणीतला वाया गेलेला कापूस भरला, मधे भाकऱ्यांची चवड, परत कापूस, परत कातडं, दोऱ्या ताणल्या. हालवून बघितलं. आवाज नाही. मी म्हणालो, "येडू, तू हुशार आहेस."

"ढोल मंडळाचा हाय. परत आनायचा. आन् सायबाच्या शेळीला रंगूनात काय म्हनत्यात ते बी इचारून ये."

आता कचेरी. रंगूनला उतरायचं तर देवी टोचल्याचा दाखला लागतो. मी गेलो. कारकुनानं विचारलं, "देवी कधी टोचली?"

"लहानपणी."

"दाखला?"

मी बाही वर केली. दंडावर हा एवढा वण. "हे बघा की."

"हा वण झाला. मी दाखला विचारला."

"मग वणावरनं दाखला द्या."

"हा वण देवीचाच कशावरून? फोडाचा असेल. गळवाचा असेल."

स्वतःच्या दंडाची ओळख पटवायला दोन साक्षीदार आणा म्हणाला. मी ज्ञानबाला आणि येडूला नेलं. ज्ञानबा म्हणाला, देवीचाच आहे. येडू म्हणाला, "मला काय म्हाईत न्हाय सायेब. ह्यो मानूस लई खोटं बोलतुय." परत टोचावी लागली. दोन दिवस तापानं फणफणलो. शेळीचा हिशोब येडूनं असा पुरा केला.

मद्रास मेलला सोडायला पेठ आली होती. आव्वा आली नव्हती. पण गाडी हलली तेव्हा पुलाच्या पायऱ्यांवर एक ओळखीचं लुगडं दिसलं. मी हात केला नाही. तिला आवडलं नसतं.

ढोल घेतलेला माणूस गाडीत गप्प बसू शकत नाही, हे मला वाडी जंक्शन यायच्या आधीच कळलं. डब्यात गाणगापूरला निघालेली मंडळी होती. "बुवा, होऊन जाऊ द्या." मी म्हटलं, मी बुवा नाही. म्हणाले, खरे बुवा असंच म्हणतात. म्हटलं, ढोल मुका आहे. तेव्हा त्यातल्या एका म्हातारीनं ढोलाला नमस्कारच केला आणि माझ्यापुढं केळी ठेवली. मुक्या ढोलाची महती डबाभर झाली. मी पण मग डोळे मिटून बसलो. तीन डझन केळी जमली. खोटं मी एक अक्षर बोललो नाही, हे लक्षात घ्या.

मद्रासच्या धक्क्यावर मात्र डोळे मिटून चाललं नसतं. तिथं तपासणीला एक टोपीवाला साहेब, बाजूला डॉक्टर.

"ये क्या है?"

"ढोल."

"बजाओ."

मी थाप मारली. उशीवर मारल्यासारखा आवाज आला. थप्प. साहेबानं डॉक्टरकडं बघितलं. डॉक्टरनं माझ्याकडं. दोघांनी ढोलाकडं. पाच मिनिटांत दोऱ्या सुटल्या, कापूस धक्क्यावर उडायला लागला आणि एकवीस करड्या, गोल, टणक तबकड्या टेबलावर आल्या. साहेबानं पेन्सिल मारून बघितली. टक. टक.

"ये क्या है?"

"खाना."

"ये खाना है?" साहेब मागं सरकला. "खाके दिखाओ."

काय करता? एक फोडली. तोंडात घातली. माझ्या दाढांचा जो आवाज झाला त्यानं मागच्या रांगेतला माणूस दचकला. आव्वानं शेंगाच्या चटणीची बरणी दिली होती, तीच उघडली. डॉक्टरला वास गेला. तो नियमाप्रमाणे चटणी तपासायला बसला, आणि बरणीच्या तळापर्यंत तपासूनच उठला. डोळ्यांतून पाणी, कपाळाला घाम, पण तोंडानं एकच, "गुड, गुड." कागदावर साहेबानं काय लिहिलं ते मी मुद्दाम विचारून घेतलं. 'वाद्य एक. आतून खाण्याजोगं.'

राहिल्या वीस.

समुद्र मी पहिल्यांदा बघितला. आमच्याकडं पाणी म्हणजे सिद्धेश्वराचं तळं, त्याला कडा असतात. याला कडाच नाही. पहिला दिवस मी बघण्यात घालवला, दुसरा ओकण्यात. तिसऱ्या दिवशी ध्यानात आलं की भाकऱ्या सादळल्या. समुद्राची हवा! कडक भाकरी सादळली की चामड्यासारखी होते, आणि चामडं पाठवलं म्हणून पंचाक्षरी आईला काय म्हणाला असता! मी डेकवर धोतर पसरलं आणि भाकऱ्या उन्हात मांडून पहाऱ्याला बसलो. खलाशी यायचे, भाकरीकडं बघायचे, माझ्याकडं बघायचे, आणि हळूच बाजूनं जायचे. पायाखाली भाकरी न येऊ देणारे जगात सगळीकडे असतात, हे मला त्या बोटीवर समजलं. वाऱ्याला मात्र रीत नव्हती. त्यानं एक उचलली. सुदर्शनचक्रासारखी फिरत गेली ती, आणि बंगालच्या उपसागरात बुडाली. बुडायला वेळ लावला तिनं. कडक होती.

एकोणीस.

रंगूनला उतरलो आणि पहिलाच शब्द कानावर पडला तो तेलुगूत, आणि तो पण शिवी. काय बरं वाटलं म्हणून सांगू! आमच्या सोलापुरात निम्मे विणकर तेलुगू बोलणारे, त्यांच्या पोरांत मी वाढलेला. आणि रंगूनच्या धक्क्यावरचे हमाल सगळे आंध्रातले. फक्त माझं तेलुगू मागावरचं, म्हणजे धागा तुटल्यावर जे तोंडातून निघतं तेच मला येतं. मी एका म्हाताऱ्या हमालाला धर्मशाळेचा रस्ता विचारला. तो आधी हबकला. मग इतका हसला की डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं. "एमन्ना, काय भाऊ, हे कुणी शिकवलं?" मी म्हटलं, गुरुजन. त्यानं ढोल उचलला आणि मला धर्मशाळेच्या दारात नेऊन सोडलं.

गाव बघितलं की. बुद्धाचा सोन्याचा देऊळडोंगर, तो मोठा पॅगोडा, बघितला. चपला खाली काढायच्या असतात, काढल्या. वर दुपारी बाराचा तापलेला संगमरवर. मी जे पळत सुटलो ते देवळाला तीन वेढे घातल्यावरच सावली सापडली. तिथले लोक कौतुकानं बघत होते, इतका भाविक परदेशी त्यांनी बघितला नसेल. बायका बघितल्या, गालाला पिवळं गंध उगाळून लावलेल्या, दुकानात बसून वीतभर लांब चिरूट ओढणाऱ्या, आणि नवऱ्याला हिशोब विचारणाऱ्या. हे मी घरी सांगितलं नाही. चिरूटाचं सांगितलं. हिशोबाचं नाही.

आणि मग ती सकाळ.

पंचाक्षरीची गिरणी नदीपलीकडं होती. नऊला होडी सुटायची. मी पहाटेच उठलो, धर्मशाळेच्या दारात एक नमुन्याची चादर अंथरली आणि भाकऱ्यांना शेवटचं ऊन दाखवायला मांडल्या. एकोणीसच्या एकोणीस अखंड. मोडकी एक नाही. मी स्वतःवर खूष होतो.

एवढ्यात समोर एक साधू येऊन उभा राहिला. भगव्या वस्त्रातला, डोकं तुळतुळीत, हातात काळं मडकं. बोलला नाही, मागितलं नाही. नजर खाली.

आता माझी चूक कुठं झाली ते समजून घ्या. आमच्या पेठेत जंगमस्वामी भिक्षेला येतात. ते दारात उभे राहिले की काहीतरी घातल्याशिवाय त्यांना वळवायचं नाही, हे आम्हांला पाळण्यात शिकवलेलं. घरात काही नसलं तर शेजारनं उसनं आणून घालायचं. आव्वाच मला लहानपणी ओंजळभर ज्वारी देऊन पुढं ढकलायची. मी आजूबाजूला बघितलं. माझ्याकडं भाकरीशिवाय काही नव्हतं. म्हटलं, एक. आव्वा काही म्हणणार नाही. उचलली आणि घातली. मडक्याचं तोंड लहान, भाकरी मोठी. ती झाकणासारखी वर बसली.

साधू पुढं सरकला. त्याच्यामागं दुसरा उभा होता.

पहिल्याला घातली आणि दुसऱ्याला नाही, असं कसं? घातली. तिसरा आला. मी मान वाकडी करून बघितलं तर रांग गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत, आणि कोपऱ्यावरून अजून वळतच होती. माझे हात चालूच होते. पाचवा, सहावा. मी आतल्या आत सिद्धेश्वराला म्हणत होतो, बाबा, थांबव आता. बारावा. पंधरावा. शेजारच्या दारातल्या बाया भाताची पळी हातात धरून माझ्याकडं बघत होत्या, एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. एकोणिसावा गेला. चादर मोकळी. आणि विसावा, रांगेतला शेवटचा, एक म्हातारा साधू, समोर येऊन उभा राहिला.

मी चादर उचलली, चार घड्या केल्या आणि त्याच्या हातावर ठेवली.

सगळी रांग उन्हातनं संथ चालत गेली. एकोणीस मडकी, एकोणीस भाकऱ्यांची झाकणं, आणि शेवटी सोलापुरी चादर. मी पायरीवर बसलो. मला होडीपर्यंत न्यायला तो म्हातारा हमाल आला. मी त्याला झालं ते सांगितलं. तो म्हणाला, "अरे अन्ना, एक पळी भात घालायचा. तो पण मनात असला तर. नसलं काही तर हात जोडायचे, ते पुढं जातात. रागवत नाहीत."

"हात जोडले की पुढं जातात?"

"जातात की."

मी माझे दोन हात जोडून बघितले.

नऊच्या होडीनं गेलो. रिकामा ढोल गळ्यात. गिरणीच्या फाटकाशी पंचाक्षरी आला, लुंगी नेसलेला, हात तेलानं काळे. अंगानं भरला होता. मला बघून आधी उजळला, मग एकदम दार लावल्यासारखा चेहरा केला.

"तू हितं काय करतुयास?"

मी म्हणालो, "आव्वानं भाकरी धाडलीय."

त्यानं माझ्या मोकळ्या हातांकडं बघितलं. "कुठाय?"

"साधूंना दिली."

"सगळी?"

"सगळी. एकोणीस. आधी एकवीस होत्या. एक साहेबाला दाखवायला खाल्ली, एक समुद्रात गेली."

पंचाक्षरी हसला नाही. त्यानं तेलकट फडक्याला हात पुसले. "रामहरी, तुला आठवतंय, मला बघायला पावणे येनार म्हनून तू सांगितलंतास? मी दिवसभर बाराबंदी घालून बसलोतो. ती मस्करी होती, चालली. ही मस्करी करू नगंस. माझी आई मला भाकरी धाडनार न्हाय. ती बोलली म्हंजे बोलली."

"शपथ घेतो."

"तुझी शपथ?"

इथं माझी सगळी आयुष्यभराची कमाई माझ्यापुढं उभी राहिली. चाळीस-पन्नास माणसांना हसवलेलं, फसवलेलं, शेळ्यांना अंघोळ घातलेली. आणि आता एकदाच खरं सांगायचं होतं तर कुणी घेईना. मी त्याचं मनगट धरलं. म्हटलं, "धर्मशाळेमागं त्या साधूंचा मठ आहे, तिथं चल. डोळ्यानं बघ. नसली भाकरी तर मला नदीत ढकल. मला पोहता येत नाही, हे तुला माहीत आहे."

मुकादमाची रजा काढण्यात अर्धा तास गेला. मुकादम म्हणाला, कारण? पंचाक्षरी त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला. मी विचारलं, काय सांगितलंस? म्हणाला, "गावाकडचं मानूस येडं झालंय, वैदूकडं न्यायचंय." मी मान डोलावली. मुकादमाला लगेच पटलं.

मठ लाकडी, सागवानी, पायऱ्या चढून वर. साधूंची जेवणं आटोपत आली होती. दुपारनंतर ते काही खात नाहीत, आणि उरलेलं असतं ते कुणीही येऊन खावं. हे पंचाक्षरीनं मला पायरीवर सांगितलं. मी म्हटलं, साधूला दिलेलं परत घ्यायचं? आमच्या सात पिढ्या नरकात जातील. तो म्हणाला, "हितली रीत ही हाय. चल."

आत गेलो. मोठे महाराज माझ्या चादरीवर बसले होते. नक्षी एकदम उठून दिसत होती, मालकांना बघायला मिळायला हवी होती. आणि भाकऱ्या? एक साधू भाकरीनं वारा घेत होता. एक भाकरी गरम किटलीच्या खाली ठेवली होती. एकानं चहात बुडवून बघितलेली दिसली, आणि धीर सोडला असावा. बाकीच्या कोपऱ्यात नीट चवड रचून ठेवल्या होत्या. टाकायला त्यांचं मन झालं नव्हतं, आणि खायचं कसं ते कळत नव्हतं. मोठ्या महाराजांनी पंचाक्षरीला काहीतरी विचारलं.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"कुठल्या झाडाची पानं म्हनून इचारत्यात."

तो चवडीजवळ गेला. वरची भाकरी उचलली. उलटी केली. सगळ्या भाकऱ्यांना एकाच जागी, काठापासनं चार बोटं आत, एक काळा फुगवटा होता. त्यानं दुसरी उचलली, तिसरी. अंगठा त्या फुगवट्यावर फिरवला.

"तव्याला खड्डा हाय तितं," तो म्हणाला. "मीच पाडलाता. लहानपनी. क्रिकीट खेळताना."

मग तो आमच्याकडं पाठ करून भिंतीकडं तोंड करून बसला. आवाज आला. भाकरी मोडल्याचा. सगळे साधू वळून बघायला लागले. नुसता त्या भाकरीचा कडाकडा आवाज, सागवानी भिंतीवरनं परत येणारा. चटणी नाही, दही नाही. मला आव्वानं सांगितलं होतं, डोळ्यानं बघ. मला त्याची पाठ दिसत होती आणि दोन कान. कान हलत होते. एक संपली, दुसरी घेतली. तिसऱ्या भाकरीला मोठे महाराज मला हातानं खूण करायला लागले, हे असंच खायचं का? मी मान हलवली. त्यांनी एक तुकडा मोडून तोंडात घातला. त्यांना दात नव्हते. तरी त्यांनी तो बराच वेळ तोंडात धरून ठेवला.

बोटीवर सोडायला पंचाक्षरी आला होता. उरलेल्या भाकऱ्या त्यानं घरी नेल्या होत्या, किटलीखालची सुद्धा. मी वाट बघत होतो, की आता आईला निरोप देईल, चिठ्ठी देईल, काहीतरी. भोंगा झाला. शिडी काढायला लागले. तेव्हा तो खालून ओरडला, "रामहरी! आईला सांग, मीठ कमी हुतं!"

हे घेऊन मी परत आलो. आठ दिवस मी ते वाक्य डोक्यात घोळवलं. पाच वर्षांनी आईला निरोप, आणि काय तर मीठ कमी! म्हातारीचं काळीज मोडायचं काम माझ्यावर. किती सोपं होतं बदलून टाकणं! 'आई, अमृत होतं.' 'आई, तुझी आठवण येते.' असली वाक्यं मी झोपेत बनवतो. मद्रासला तोच साहेब भेटला. "बजाओ." आता ढोल रिकामा होता. मी असा बडवला की त्यानंच कानावर हात ठेवले.

मालकांनी पहिलं विचारलं, "किती खपल्या?" मी म्हटलं, "एक." "काय मिळालं?" "आशीर्वाद." त्या नोकरीचं पुढं काय झालं ते सांगण्यासारखं नाही.

संध्याकाळी पेठ जमली. आव्वा आपल्या ओट्यावर बसली होती. मी उभा राहून सगळं सांगितलं. बरणी, वारा, झाकणं, चादर. लोक हसून हसून लोळत होते. ज्ञानबा म्हणाला, "साधू भाकरीनं वारा घेत होता, व्हय रे? आन् कलेक्टर कुठं बसलाता?" येडूनं ढोल उलटसुलट तपासला. बजाबाईनं विचारलं, "भाकरी माशाला शिवली न्हवती न्हवं?" मी शपथ घेतली, परत हशा. आव्वा तेवढी हसली नाही. हशा ओसरू दिला आणि म्हणाली,

"खाल्ली?"

"खाल्ली, आव्वा. तीन. माझ्यासमोर. तोंड भिंतीकडं होतं."

"काय म्हनला?"

ज्ञानबा माझ्याकडं बघत होता, त्याला वाटलं आता हा गोड काहीतरी जोडणार. माझ्या जिभेवर ते गोड आलं पण होतं.

"म्हणाला, मीठ कमी होतं."

कुणीतरी च्च केलं. बजाबाईनं तोंडावर पदर धरला. आव्वा माझ्याकडं एकटक बघत राहिली, कापड बघावं तसं, उजेडात धरून.

"खोटं सांगायचं असतं तर तू गोड सांगितलं असतंस," ती म्हणाली. "खाल्ली त्यानं."

मग तिनं ओट्यावर हात आपटला. "मीठ कमी म्हनं! ऐकलं का गं बजाबाई? समुद्रापल्याड बसून मीठ कमी म्हनतुय! ह्याचा बाप असाच, सारं ताट चाटून म्हनायचा, मीठ कमी! आरं मुडद्या, तितं समुद्राला काय मीठ न्हवतं का?" आणि मग कानडीत सुरू झाली. कानडी मला शिव्यांपुरतीच कळते, पण त्या दिवशी तेवढीच पुरली. दिवे मालवेपर्यंत ती ओट्यावर बसून पोराला शिव्या घालत होती, आणि पाच वर्षांत पहिल्यांदाच तिनं त्याचं नाव घेतलं होतं.